नान्सेनची ग्रीनलंड-यात्रा

पृथ्वीचा गोल हाती घेऊन उत्तर ध्रुवाकडील भाग न्याहाळला असता, अटलांटिक महासागराच्या माथ्यावर ग्रीनलंड नावाचे एक प्रचंड बेट दृष्टीस पडते. ग्रीनलंड या शब्दाचा अर्थ हिरवी भूमी असा आहे. परंतु तेथे हिरवळ पाहावयाची तर ती केवळ किनाऱ्यालगतच्या चिंचोळ्या पट्टीत, आणि तीही अल्पकाळच्या उन्हाळ्यात. या बेटाचे क्षेत्रफळ सुमारे २१ लक्ष ६६ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या सुमारे सातपट आहे. आणि त्याचा जवळजवळ चार-पंचमांश भाग बर्फाच्या एका अखंड थराखाली गाडला गेलेला आहे. काही ठिकाणी हा थर तीन किलोमीटरांहून अधिक जाड आहे. आपल्या कळसूबाईच्या माथ्यावर दुसरी कळसूबाई ठेवावी, इतकी जवळजवळ ही जाडी भरते.

आज हे सर्व आपण पुस्तकात सहज वाचतो. परंतु १८८८ सालापर्यंत या बेटाच्या पोटात काय आहे, हे कोणत्याही मनुष्यास निश्चित ठाऊक नव्हते. किनाऱ्यावरील बर्फाची भिंत ओलांडून आत गेल्यास मध्यभागी हिरवीगार दरी लागेल, असेही काही विद्वानांस वाटत असे. त्या वर्षी सहा माणसांनी पायांस लाकडी पट्ट्या बांधून आणि आपले सामान आपणच ओढून हे बेट पूर्वेकडून पश्चिमेकडे ओलांडले. त्यांचा नायक होता फ्रित्योफ नान्सेन. ही यात्रा धाडसाची होती यात शंका नाही. तथापि धाडस आणि अविचार या दोहोंची वेष अनेकदा सारखाच असतो. त्यांतील भेद कशावरून ओळखावा, हे या यात्रेच्या तपशिलावरून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच दुसऱ्या कशावरून होत असेल. म्हणून तो तपशील विद्यार्थिमित्रांपुढे मांडण्याचे योजिले आहे.

योजना

नान्सेनचा जन्म नॉर्वे देशात, ख्रिस्तियानिया म्हणजे आजचे ऑस्लो या नगराजवळ, १० ऑक्टोबर १८६१ रोजी झाला. त्या देशात हिवाळ्यात गावोगावच्या वाटा बर्फाखाली जातात. म्हणून तेथील मुले चालावयास शिकतात न शिकतात तोच स्कीवर उभी राहू लागतात. स्की म्हणजे पायांखाली बांधावयाची लांब, अरुंद, पुढील टोकाशी वर वळविलेली लाकडी पट्टी. नान्सेन लहानपणापासून या विद्येत तरबेज होता. पुढे प्राणिशास्त्राचा अभ्यास करून तो बर्गेन येथील वस्तुसंग्रहालयात नोकरीस लागला. १८८२ साली सील पकडणाऱ्या एका जहाजातून प्रवास करीत असता त्याने ग्रीनलंडचा पूर्वकिनारा दुरून पाहिला, आणि तेव्हापासून त्या शुभ्र पठाराने त्याच्या मनात घर केले.

१८८३ साली स्वीडनचा संशोधक नूर्देनशेल्ड ग्रीनलंडच्या पश्चिमेकडून आत शिरला. परंतु त्यास अर्ध्यातूनच परतावे लागले. त्याच्याबरोबर उत्तर स्कँडिनेव्हियात राहणाऱ्या, रेनडिअर पाळणाऱ्या सामी लोकांपैकी दोघेजण होते. ते दोघे स्कीवरून आणखी पुढे गेले आणि ५७ तासांत जाऊन-येऊन ४६० किलोमीटर चालून आलो असे त्यांनी सांगितले. हे ऐकून पुष्कळांनी त्यांस खोटे ठरविले. तेव्हा १८८४ साली स्वीडनमधील योकमोक येथे २२० किलोमीटरांची स्कीची शर्यत मुद्दाम भरविण्यात आली. त्या दोघांपैकी एक, पाव्वा लार्स तुओर्दा, हा ते अंतर २१ तास २२ मिनिटांत काटून पहिला आला, आणि टीकाकारांची तोंडे बंद झाली. नान्सेनने या गोष्टीतून एवढेच घेतले की, आतील बर्फ स्कीस अनुकूल असला पाहिजे. ज्या ठिकाणी बुटाचा पाय गुडघ्याएवढा रुततो, त्या ठिकाणी स्की वरचेवर घसरत जाते.

असे का व्हावे, हे गणिताने पाहता येते. मनुष्याच्या एका तळव्याचे क्षेत्रफळ ढोबळ मानाने २०० ते २५० चौरस सेंटिमीटर धरावे. नान्सेनच्या स्कीची लांबी सुमारे २३० सेंटिमीटर आणि रुंदी सुमारे ९ सेंटिमीटर होती. म्हणजे क्षेत्रफळ २,००० चौरस सेंटिमीटरांच्या आसपास झाले. माणसाचे वजन तेच राहिले. परंतु ते आठ-दहा पट जागेवर पसरले गेल्यामुळे बर्फावरील दाब आठव्या-दहाव्या हिश्शावर आला. चिखलातून जाताना आपले शेतकरी फळी टाकून तीवरून जातात, त्यातील तत्त्व हेच होय.

आता प्रश्न होता दिशेचा. यापूर्वीचे सर्व प्रयत्न पश्चिमेकडून झाले होते, कारण लोकवस्ती पश्चिम किनाऱ्यावर होती. नान्सेनने उलट विचार केला. पश्चिमेकडून निघालेल्या माणसाने बेट ओलांडले तरी तो पूर्वेच्या जवळजवळ निर्जन किनाऱ्यावर पोहोचणार. तेथे बर्फाच्या गर्दीमुळे जहाज हमखास येऊन उभे राहीलच असे नाही. म्हणजे त्यास आल्या वाटेने पुन्हा तितकेच अंतर परत चालावे लागणार. पूर्वेकडून निघाल्यास अंतर एकेरीच काटावयाचे, आणि शेवटी माणसांत पोहोचावयाचे. मात्र मागे फिरण्याची वाट उरत नाही. पाठीमागे ओसाड किनारा आणि पुढे घरदार असले म्हणजे पाय आपोआप पुढेच पडतील, असा त्याचा हिशेब होता. एकतर पश्चिम किनारा, नाहीतर मरण, असे या योजनेचे स्वरूप होते.

ही योजना प्रसिद्ध होताच वृत्तपत्रांतून तिची थट्टा झाली. ग्रीनलंडच्या पठारावर नान्सेन यांचे स्कीचे खेळ होणार असून प्रेक्षकांनी परतीचे तिकीट काढण्याची आवश्यकता नाही, अशा आशयाची एक विनोदी जाहिरातही छापली गेली. नॉर्वेच्या सरकारने द्रव्यसाहाय्य नाकारले. अखेरीस कोपनहेगन येथील ऑगस्टिन गामेल नावाच्या व्यापाऱ्याने ५,००० क्रोनर देऊ केले, आणि कार्य मार्गी लागले.

नान्सेनने आपल्याबरोबर पाच माणसे निवडली. ऑटो स्वेर्ड्रुप हा अनुभवी खलाशी, ओलुफ दित्रिक्सन हा लष्करी अधिकारी, आणि क्रिस्तियान क्रिस्तियानसेन त्राना हा चोवीस वर्षांचा तरुण, हे तिघे नॉर्वेजियन. उरलेले दोघे सामी: सामुएल बाल्तो आणि ओले निल्सेन राव्ना. राव्नाचे वय ४६ होते. घरी त्याची बायको-मुले होती, आणि सर्वांत वडील तोच. नायकाचे स्वतःचे वय त्या वेळी अवघे २६ वर्षांचे. निघण्याच्या चारच दिवस आधी, २८ एप्रिल १८८८ रोजी, त्याने प्राण्यांच्या मज्जासंस्थेविषयी लिहिलेल्या प्रबंधावरील डॉक्टर पदवीची परीक्षा दिली, आणि निकालाची वाटही न पाहता तो चालू लागला.

सामानाची एकूणएक वस्तू त्याने पारखून घेतली. स्लेज नावाच्या बिनचाकांच्या घसरगाड्या पूर्वी जड आणि अरुंद पट्ट्यांच्या असत. नान्सेनने हलक्या लाकडाच्या आणि स्कीसारख्या रुंद पट्ट्यांच्या स्लेजा स्वतः आराखडा काढून करविल्या. स्वयंपाकाचे भांडे असे योजिले की, दिव्याची ऊब आधी अन्न शिजवी आणि उरलेली बाहेर वाया न जाता दुसऱ्या भांड्यातील बर्फ वितळवी. निजावयास रेनडिअरच्या कातड्याच्या दोन पिशव्या होत्या. एकेकीत तिघांनी निजावयाचे, म्हणजे एकमेकांची ऊब एकमेकांस मिळावी.

हिमखंडावरील बारा दिवस

१७ जुलै १८८८ रोजी ‘यासोन’ नावाच्या जहाजावरून हे सहाजण दोन होड्यांत उतरले. किनारा समोर दिसत होता. मध्ये तरंगत्या बर्फाचा पट्टा तेवढा होता. परंतु त्या पट्ट्यात बर्फाच्या एका तीक्ष्ण कडेने एका होडीची फळी फोडली. दुरुस्तीसाठी होडी एका मोठ्या हिमखंडावर ओढून घ्यावी लागली, आणि तेवढ्या अवधीत प्रवाहाने त्या हिमखंडास वाहून नेण्यास आरंभ केला. पाऊस कोसळत होता, समोरचा किनारा दूर दूर जात होता, आणि हिमखंड दक्षिणेकडे, खुल्या समुद्राकडे चालला होता.

एके रात्री पहाऱ्याची पाळी स्वेर्ड्रुपची होती. बाकीचे पाचजण निजले होते. बाल्तो आणि राव्ना यांनी दिवसा होडीत ताडपत्रीखाली बसून राव्नाजवळचा सामी भाषेतील नवा करार वाचला होता. हिमखंडाच्या कडेवर लाटा आदळून फुटू लागल्या. शेजारचा एक प्रचंड हिमखंड डोलत होता, आणि आपला तुकडा केव्हा दुभंगेल याचा भरवसा नव्हता. सर्वांस उठवून होड्या पाण्यात लोटाव्यात काय? त्या लाटांत होड्या टिकण्याची आशा थोडीच होती. स्वेर्ड्रुप तंबूजवळ गेला. त्याने दाराच्या पडद्याचा एक आकडा सोडला. मग थांबला, समुद्राकडे नीट पाहिले, पुन्हा येरझारा घालू लागला. तो दुसऱ्या आकड्यास हात घालणार, इतक्यात जणू कोणी सुकाणू फिरविल्याप्रमाणे हिमखंडाने दिशा बदलली, आणि तो किनाऱ्याकडे सरकू लागला. सकाळी निजलेल्या पाचजणांस जाग आली तेव्हा लाटांचा आवाज दूर गेलेला होता.

अशा रीतीने बारा दिवस गेले. २९ जुलै रोजी त्यांचे पाय जमिनीस लागले, तेव्हा ते ठरविलेल्या ठिकाणाच्या दक्षिणेस कित्येक शेकडा किलोमीटर आले होते. उन्हाळा संपत आला होता. तथापि नायकाने तेथूनच चढण्याची घाई न करता होड्या पुन्हा उत्तरेकडे वल्हविल्या. वाटेत इनुइट लोकांच्या वसाहतीत त्यांचे आदरातिथ्य झाले. १० ऑगस्ट रोजी उमिविक येथे ते थांबले, आणि होड्या किनाऱ्यावर पालथ्या घालून १५ ऑगस्ट रोजी त्यांनी बर्फाचा चढ चढण्यास प्रारंभ केला.

पठारावर

स्लेजा पाच होत्या. चौघेजण एकेक ओढीत. तिच्यावरील ओझे सुमारे १०० किलोग्रॅम असे. पाचवी, सर्वांत जड, पुढे नान्सेन आणि स्वेर्ड्रुप मिळून ओढीत आणि वाट पाडीत. किनाऱ्याजवळचा बर्फ खोल भेगांनी चिरलेला असतो. वर हिमाचा पातळ पूल आणि खाली अंधारी दरी. म्हणून सर्वजण दोरांनी बांधून घेऊन चालत. चढास लागल्यावर दोनच दिवसांनी असे वादळ झाले की, तीन दिवस तंबूतून बाहेर पडता येईना. तेव्हा नायकाने ठरविले की, काम नाही त्या दिवशी जेवण एकवेळच. शिधा हा चालण्याच्या दिवसांसाठी मोजून आणलेला आहे. तो निजण्यात खर्च करण्यासाठी नाही.

मूळ संकल्प वायव्येकडे, क्रिस्तियानशाब या वसाहतीस जाण्याचा होता. ते अंतर सुमारे ६०० किलोमीटर. परंतु समोरून येणारा वारा, भुसभुशीत बर्फ आणि संपत आलेला ऋतू यांचा हिशेब करून नान्सेनने २७ ऑगस्ट रोजी दिशा बदलली व नैर्ऋत्येकडील गोट्हाब, म्हणजे आज नूक नावाने ओळखली जाणारी ग्रीनलंडची राजधानी, ही आपली नवी मजल ठरविली. या मार्गाने अंतर बरेच कमी होत होते. मागे फिरावयाचे नाही, हा निश्चय अढळ राहिला. कोठे पोहोचावयाचे, हे मात्र परिस्थिती पाहून बदलले. निश्चय आणि हट्ट यांतील भेद येथे दिसून येतो.

सप्टेंबरच्या आरंभी त्यांनी स्की चढविल्या, त्या पुढे जवळजवळ तीन आठवडे उतरविल्या नाहीत. सभोवती दगड नाही, झुडूप नाही, पक्षी नाही. वर आकाश आणि खाली बर्फ. पठाराची सर्वाधिक उंची समुद्रसपाटीपासून सुमारे २,७०० मीटर भरली. रात्री उष्णतामान शून्याखाली ४५ अंशांपर्यंत उतरे. पारा शून्याखाली सुमारे ३९ अंशांवर गोठतो. यावरून त्या थंडीची कल्पना यावी. सकाळी जाग येई तेव्हा तंबूच्या आतील बाजूस हिमाचे जाळे धरलेले असे आणि डोक्याभोवती श्वासाचे दहिवर गोठलेले असे. दाढी-मिशा चेहऱ्यावरील टोपीस चिकटून बसत. बोलण्यासाठी तोंड उघडणेही कष्टाचे होई.

अशा थंडीत स्लेज सहज घसरेल, असा आपला समज असतो. वस्तुतः उलट घडते. बर्फावर घसरणारी वस्तू सुलभपणे चालते ती तिच्याखाली पाण्यासारखा एक अत्यंत सूक्ष्म निसरडा थर असतो म्हणून. थंडी अतिशय कडक झाली म्हणजे तो थर नीट तयार होत नाही, आणि हिमाचे कण कोरड्या वाळूसारखे खरखरीत लागतात. भर वाळवंटातून गाडी ओढावी, तसे ते सहाजण त्या शुभ्र वाळूतून दिवसामागून दिवस ओझी ओढीत होते.

बर्फाच्या देशातील तहान

या यात्रेतील सर्वांत मोठा त्रास कोणता, असे विचारल्यास बहुतेक विद्यार्थी थंडी असे उत्तर देतील. परंतु त्या प्रवाशांस थंडीइतकीच तहानेने पिडले होते. पायांखाली जगातील गोड्या पाण्याचा एवढा अफाट साठा, आणि घोटभर पाणी मिळेना! उंचावरील कोरडी हवा श्वासागणिक शरीरातील ओलावा हिरावून नेई. श्रमाने घाम निघे. आणि द्रवरूप पाणी तर कोठेच नव्हते.

मग बर्फच का खाऊ नये? त्याचे उत्तर पदार्थविज्ञानात आहे. शून्य अंशावरील एक ग्रॅम बर्फाचे शून्य अंशावरीलच पाणी करण्यास ८० कॅलरी उष्णता लागते. म्हणजे तितक्याच पाण्यास शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापविण्यास लागते तेवढी. त्यातून बर्फ शून्याखाली ४० अंश थंड असेल तर तो शून्यावर आणण्यास आणखी २० कॅलरी, आणि झालेले पाणी शरीराइतके उबदार होण्यास आणखी ३७. एकंदर १३७ कॅलरी दर ग्रॅमास. लिटरभर पाण्याइतका बर्फ तोंडात वितळवावयाचा म्हणजे याच्या हजारपट उष्णता स्वतःच्या शरीरातून उणी करावयाची. तोंड व जीभ फाटते, शरीर गारठते, आणि तहान तशीच राहते.

यावर त्यांनी एक युक्ती केली. प्रत्येकाजवळ एक चपटी बाटली असे. ती बर्फाने भरून अंगरख्याच्या आत छातीशी धरावयाची. चालण्याच्या श्रमाने शरीरात जी अधिक उष्णता निर्माण होते, तिच्यातील थोडी या बर्फास मिळे आणि घोट-दोन घोट पाणी हाती लागे. इंधनाचे स्पिरिट मोजकेच असल्यामुळे चुलीवर वितळविलेले पाणीही मोजूनच वाटले जाई.

दुसरा त्रास होता स्निग्ध पदार्थांच्या अभावाचा. वाळविलेल्या मांसाचे पेमिकन नावाचे खाद्य त्यांनी विकत घेतले होते. पेमिकनमध्ये चरबी मिसळलेली असते. परंतु या पेमिकनमधून ती काढून टाकण्यात आली होती, आणि हे लक्षात आले तेव्हा उशीर झाला होता. कडक थंडीत शरीरास ऊब देण्यासाठी चरबीसारखे दुसरे अन्न नाही; एक ग्रॅम चरबीपासून मिळणारी शक्ती तितक्याच पिठाच्या किंवा साखरेच्या दुपटीहून अधिक असते. त्यामुळे पोट भरले तरी भूक भागेना. प्रत्येकास आठवड्यास सुमारे पाव किलोग्रॅम लोणी मिळे. त्या दिवसाची सर्वजण मुलांप्रमाणे वाट पाहत. बुटास लावण्याचे तेल खाल्ले तर अपाय होईल काय, असे स्वेर्ड्रुपसारख्या धीरगंभीर पुरुषानेही एकदा विचारले! इतकी पारख करून निघालेल्या नायकाकडून ही एकच मोठी वस्तू पुरती पारखली गेली नाही, आणि तिची किंमत सहाही जणांनी दररोज मोजली.

येथे त्या दोन सामी सोबत्यांविषयी लिहिणे अवश्य आहे. या अनोळखी बर्फात आपण मरणार, अशी भीती त्यांनी अनेकदा बोलून दाखविली. घराची आठवण काढून ते खिन्न होत. तरी एकही दिवस त्यांनी स्लेज टाकली नाही. बर्फाच्या प्रदेशात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या त्यांच्या लोकांचे ज्ञान या यात्रेस पदोपदी उपयोगी पडले. बुटात विशिष्ट जातीचे वाळलेले गवत भरावे, म्हणजे पायाचा घाम शोषला जातो आणि बोटे गोठत नाहीत, ही सामी लोकांची रीत होय. स्कीची विद्याही त्यांच्याच पूर्वजांनी अनादिकाळापासून जतन केलेली. भय वाटूनही पाऊल न थांबविणाऱ्यास भित्रा म्हणावे की धैर्यवान, याचा वाचकांनीच विचार करावा.

उतार आणि समुद्र

१७ सप्टेंबर रोजी, जहाज सोडल्यास बरोबर दोन महिने होत असता, एका लहान पक्ष्याची किलबिल त्यांच्या कानी आली. पक्षी आला म्हणजे किनारा फार दूर नसावा. १९ तारखेस पूर्वेचा वारा सुटला. त्यांनी स्लेजा एकमेकींस बांधून तंबूच्या कापडाची शिडे उभारली आणि वाऱ्यावर भरधाव सुटले. त्या दिवशी दुपारी बाल्तोने ओरडून सांगितले की, समोर जमीन दिसत आहे! क्षितिजावर काळ्या डोंगरांची ओळ उगवली होती. संध्याकाळी मात्र हा आनंद प्राणांवर बेतला होता. अंधुक प्रकाशात पुढे एक काळी रेघ दिसली. वेळीच स्लेजा वळवून थांबविल्या, तेव्हा ती रेघ म्हणजे बर्फातील रुंद दरी असल्याचे कळून आले.

पुढचे काही दिवस भेगांच्या जाळ्यातून वाट काढण्यात गेले. त्यातच एके ठिकाणी बर्फावर साचलेले पाणी आढळले, आणि कित्येक आठवड्यांनी सर्वांनी पोट फुगेपर्यंत पाणी प्यावयास मिळाल्याचा आनंद भोगला. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात त्यांचे पाय माती व शेवाळ यांवर पडले. समोर फ्योर्ड होता. फ्योर्ड म्हणजे डोंगरांच्या कुशीत दूरवर शिरलेली समुद्राची चिंचोळी खाडी. गोट्हाब अद्यापि दूर होते, आणि होड्या तर पूर्वकिनाऱ्यावर राहिल्या होत्या. तेव्हा स्वेर्ड्रुपने झुडपांच्या फांद्या, वेळूच्या काठ्या आणि तंबूचे तळाचे जाड कापड यांची एक होडी शिवून काढली. लांबी सुमारे अडीच मीटर. आकार आपल्याकडील काथवटीसारखा. तीत पाणी इतके झिरपे की, थोड्याथोड्या वेळाने वल्हे थांबवून ते उपसावे लागे. २९ सप्टेंबर रोजी नान्सेन व स्वेर्ड्रुप या होडीतून निघाले. वाटेत पक्षी मारून आणि झुडपांवरील काळी रानफळे खाऊन त्यांनी गुजराण केली. ३ ऑक्टोबर रोजी, चढास आरंभ केल्यापासून एकोणपन्नासाव्या दिवशी, ते गोट्हाबला पोहोचले.

तेथील एका डॅनिश अधिकाऱ्याने नाव विचारले आणि ते कळताच डॉक्टर पदवी मिळाल्याबद्दल नान्सेनचे अभिनंदन केले! परीक्षेचा निकाल त्याच्या आधीच येऊन पोहोचला होता. मागे राहिलेले चौघे १२ ऑक्टोबर रोजी सुखरूप आले. सहा निघाले होते, सहाही पोहोचले. वर्षातील शेवटचे जहाज दूरच्या बंदरातून निघण्याच्या बेतात होते. इनुइट नाविकाने कयाकमधून नेलेली पत्रे तेवढी त्यावर चढली आणि युरोपास वार्ता कळली. प्रवाशांस मात्र हिवाळा तेथेच काढावा लागला. नान्सेनने ते सहा महिने इनुइट लोकांच्या घरी बसून, त्यांची भाषा व शिकारीची रीत शिकून घालविले आणि पुढे त्यांच्या जीवनावर ग्रंथ लिहिला. ३० मे १८८९ रोजी हे सहाजण ख्रिस्तियानियास परतले, तेव्हा बंदरावर हजारो लोक जमले होते.

यात्रेचे फलित

या प्रवासाने सिद्ध झाले की, ज्या भागातून ते गेले तेथे बेटाचे पोट किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत अखंड बर्फाने भरलेले आहे. थंडीतही त्यांनी उष्णतामान, वारा व उंची यांची टिपणे चुकविली नाहीत. दित्रिक्सन गोठल्या बोटांनी नकाशे काढीत होता. आज त्या बर्फास जे महत्त्व आले आहे, ते नान्सेनच्याही ध्यानी नसेल. तो सर्व वितळल्यास जगातील समुद्रांची पातळी सुमारे सात मीटर चढेल, असे शास्त्रज्ञांचे गणित आहे. आणि अलीकडील काही दशकांत तेथील बर्फ घटत चालला आहे. म्हणजे मुंबई, रत्नागिरी आणि पणजी येथील किनाऱ्यांचे भवितव्यही त्या दूरच्या पठाराशी जोडलेले आहे.

सहा सोबत्यांपैकी स्वेर्ड्रुप पुढे ‘फ्राम’ या प्रसिद्ध जहाजाचा कप्तान झाला. बाल्तो १८९८ साली अलास्कात गेला. तेथे १९२५ साली घटसर्पाने पीडित अशा नोम गावास औषध पोहोचविणाऱ्या कुत्र्यांपैकी एकाचे नाव त्याच्यावरूनच ठेवलेले होते. नान्सेन स्वतः १८९५ साली स्कीवरून ८६ अंश १४ कला उत्तर अक्षांशापर्यंत, म्हणजे तोवर कोणीही गेले नव्हते इतका ध्रुवाजवळ जाऊन आला. परंतु त्याचे सर्वांत मोठे कार्य बर्फावर झालेले नाही. पहिल्या महायुद्धानंतर परदेशी छावण्यांत अडकून पडलेल्या चार लाखांहून अधिक युद्धकैद्यांस घरी पोहोचविण्याचे काम राष्ट्रसंघाने त्याच्यावर सोपविले. ज्यांस कोणताच देश आपले म्हणेना, अशा निर्वासितांसाठी त्याने एक ओळखपत्र निर्माण केले. ते नान्सेन-पारपत्र म्हणून प्रसिद्ध आहे. १९२२ साली त्यास शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. कैद्यांस आणावयाचे तर जहाजे किती, डबे किती, भाकरी किती, दिवस किती, याची मोजदाद करावी लागते. आणि ती करावयास तो त्या पठारावर, छातीशी बर्फाची बाटली धरून, आधीच शिकला होता.

धाडस आणि अविचार यांतील भेद कशावरून ओळखावा, असा प्रश्न आरंभी केला होता. मागील वाट तोडण्याचे धैर्य अविचारी मनुष्यासही असते. परंतु ती तोडण्यापूर्वी स्लेजचे वजन तोलणे, अनुभवी माणसांच्या रीती नम्रपणे शिकून घेणे, वारा फिरताच मजल बदलणे, आणि आपल्या शब्दावर भरवसून आलेल्या राव्नासारख्या संसारी माणसास त्याच्या मुलांकडे परत पोहोचविणे, ही कामे त्याच्याने होत नाहीत. आपल्या शाळेतील मुले उद्या निरनिराळ्या क्षेत्रांत पाऊल टाकतील. काहींस मागे फिरण्याची सोय नसलेले मार्गही पत्करावे लागतील. तेव्हा पालकांनी त्यांस भिववून अडवू नये. निघण्यापूर्वी त्यांच्याजवळ बसून पेमिकनमध्ये चरबी आहे की नाही, एवढे मात्र त्यांच्याकडून अवश्य तपासून घ्यावे.